अभिमनचा पाय

हेमांगीने डिकीतून काढलेला ऑइल कूलर बघितला आणि माझं डोकंच फिरलं. पंचवीस नळ्यांचा. एवढ्यात सावद्याचा केळीचा ट्रक थंड झाला असता.

"हा कोणाला बसवायचा?" मी विचारलं.

"आपल्या एस्टीमला, काका."

"आणि एस्टीम कुठे बसवायची? याच्या मागे?"

ती हसली नाही. माझ्या तोंडाची तिला लहानपणापासून सवय आहे. म्हणाली, "इंटरनेटवर सगळे म्हणतात, ट्रॅकवर गाडी पळवायची तर मोठ्यात मोठा घ्या."

"मग इंटरनेटलाच बसवायला सांग. माझ्याकडे कशाला आलीस?"

आली, कारण तिचा बाप यायचा. अभिमन. धुळ्याला देवपुरात त्याचं बियाण्यांचं दुकान, आणि जळगावला अजिंठा चौफुलीजवळ माझं, तोताराम मिस्तरीचं, रेडिएटरचं दुकान. मधे नव्वद किलोमीटर. दर महिन्याच्या एका रविवारी हा माणूस सकाळी नऊला माझ्या दारात हजर. म्हणायचा, "तोत्या, पाणी बघ रे जरा." पाण्याला काही झालेलं नसायचं. मी बोनेट उघडायचो, झाकण काढून आत डोकवायचो, झाकण लावायचो. मग आम्ही मेहरूण तलावाला चक्कर मारायचो. तेव्हा तिकडे सकाळी चिटपाखरू नसायचं, अभिमन वळणावर असा काही गियर टाकायचा की मी दाराचं हँडल घट्ट धरायचो. परत आलो की माझ्या बायकोचं, बेबाबाईचं, भरीत आणि कळण्याची भाकरी. जेवताना तो पुढच्या स्पर्धेचं बोलायचा. नाशिककडे क्लबच्या स्पर्धा व्हायच्या, त्यात त्याचं नाव होतं. काय दिवस होते ते. आता रविवार आला की मला दुकान उघडावंसं वाटत नाही, आणि बंद ठेवूनही करमत नाही.

दोन वर्षांपूर्वी अभिमन गेला. गाडी हेमांगीकडे आली. ही धुळ्यात बँकेत नोकरी करते, अठ्ठावीस वर्षांची आहे, आणि बापाचं वेड हिच्यात पुरेपूर उतरलंय. गेल्या वर्षी गाडी थेट कोइमतूरच्या ट्रॅकवर घेऊन गेली होती. पाच फेऱ्यांत तेल एकशे चाळीस डिग्रीवर गेलं, गाडी बाजूला घ्यावी लागली.

"या फेब्रुवारीत परत जायचंय," ती म्हणाली. "पण इंजिन सांभाळून, काका. दोनदा बोअर झालंय, सिलिंडर आतून कापून मोठे केलेत. आता तिसऱ्यांदा बोअर करायला ब्लॉकमधे मटेरियलच उरलं नाही. हे गेलं की बाबांचं इंजिन संपलं."

तिने कागद पुढे केला. बाई नवीन मीटर लावून आकडे लिहून आणते, बापासारखं कानाने चालवत नाही. ट्रॅकवर तेल एकशे चाळीस, पाणी एकशे आठ. आणि त्याच्या खाली, पारोळा ते एरंडोल, साधा रस्ता, तेल अडुसष्ट, पाणी बासष्ट.

"हे काय समजलं नाही मला," ती म्हणाली. "रस्त्यावर गाडी गरमच होत नाही आणि ट्रॅकवर उकळते. मी फार हळू चालवते म्हणून असेल का?"

मला समजलं होतं. कागद हातात घेतल्या घेतल्या समजलं होतं. मी चहा सांगितला.

आमच्याकडची रीत सांगतो. खान्देशचा उन्हाळा म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माहेरवाशिणी घरी यायला लागतात आणि गाड्या मिस्तरीकडे. मिस्तरी काय करतो, तर इंजिनच्या तोंडाशी पाण्याचा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह असतो, तो काढून फेकतो. तो व्हॉल्व्ह पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आम्ही म्हणायचो, इथे तापवायची काय गरज, सूर्य आहे की. व्हॉल्व्ह गेला की पाणी सतत फिरतं, काटा खाली राहतो, गिऱ्हाईक खूश. दिवाळीला तो परत बसवायचा असतो. कोणी बसवत नाही. मी तर कधीच बसवला नाही. अभिमनच्या नव्या एस्टीमचा व्हॉल्व्ह मी शहाण्णव सालच्या आखाजीच्या आधी काढला, मोठ्या प्रेमाने काढला. म्हटलं, दोस्ताची गाडी आहे.

तीन वर्षांनी गाडी धूर टाकायला लागली. सिलिंडर घासले होते. मी दहा माणसांसमोर बोललो, "अभिमन, तुझ्या पायाला लगाम नाही. पायाने मारलंस इंजिन." तो हसला. दोन हजार तीनला पुन्हा तेच. या वेळी सुमनवहिनी सोबत होत्या, सहा वर्षांची हेमांगी त्यांच्या कडेवर झोपलेली. मी तेच बोललो, वर तिखटमीठ लावून बोललो. वहिनींनी तिथेच, माझ्या दुकानात, अभिमनला पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. स्पर्धा बंद. त्या दिवसापासून अभिमन पन्नासच्या वर गेला नाही. देवपुरात त्याला लोक चिडवायचे, म्हणायचे नाना, सायकलवाल्याला तरी मागे टाका. तो हसायचा. माझ्याकडे यायचा तेही पन्नासनेच. तलावाच्या चकरा बंद झाल्या.

पुढे दोन हजार आठच्या सुमारास दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर जीप घेऊन आले. मी व्हॉल्व्ह काढायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. इंजिनाला उष्णता लागते, म्हणाले. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, ते तेलात उतरतं, तेल पातळ पडतं, सिलिंडर आतून घासून जातात. मी त्यांना वाटेल ते बोललो. मग वर्षभर गुपचूप लक्ष ठेवलं. व्हॉल्व्ह काढलेल्या गाड्या बोअरिंगला लवकर येत होत्या. म्हणजे अभिमनचं इंजिन त्याच्या पायाने गेलं नव्हतं. माझ्या हाताने गेलं होतं.

त्यानंतर मी एकेका गाडीला व्हॉल्व्ह परत बसवत गेलो. कोणाला सांगितलं नाही, नुसतं बसवलं. एकट्या अभिमनच्या गाडीला बसवला नाही. बसवला असता तर काटा वर आलेला त्याला पहिल्याच दिवशी दिसला असता, आणि त्याने विचारलं असतं, तोत्या, काय केलंस रे? पंधरा वर्षं तो माझ्या घरी भरीत खाऊन गेला आणि मी तोंड उघडलं नाही. माणूस इतका नालायक असू शकतो हे मला माझ्यावरूनच कळलं.

चहा झाला. हेमांगीने स्वतःच पाना उचलला आणि व्हॉल्व्हचं घर उघडलं. आत बघून म्हणाली, "काका, इथे काही असतं ना?"

"असतं. व्हॉल्व्ह."

"मग कुठे गेला?"

"जुनी गाडी आहे," मी म्हणालो. "नवा टाकू."

खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. ती पुढच्या कामाला लागली.

मग मी कामात डोकं घातलं, ते तरी मला जमतं. तिचा पंचवीस नळ्यांचा कूलर परत पाठवला. एवढ्या मोठ्या कूलरने ट्रॅकपर्यंत जाताना तेल घट्ट राहिलं असतं, आणि रेडिएटरच्या पुढे बसवला की रेडिएटरची हवा खाल्ली असती. तेरा नळ्यांचा घेतला, आणि त्यासोबत तेलाचा वेगळा थर्मोस्टॅट. तेल नव्वदला पोचेपर्यंत कूलरकडे जाणारच नाही. कूलर बंपरच्या आत एका बाजूला टांगला आणि त्याच्यापर्यंत हवा यावी म्हणून पत्र्याचा बोगदा केला. पत्रा कापायला माझ्यासारखा हात आजही जळगावात नाही, हे मी तोंडावर सांगतो.

रेडिएटरवर मात्र आमचं वाजलं. माझ्याकडे चार ओळींचा तांब्याचा होता, पितळी टाकीचा, माझ्या हाताने डाग देऊन जोडलेला. हेमांगीला तोच हवा होता. म्हणाली, "तुमच्या हातचा आहे, बाबांना आवडला असता."

"तुझ्या बाबांना माझ्या हातचं बरंच काही आवडायचं," मी खेकसलो. "चार ओळी म्हणजे जाड भिंत. हवा मागच्या ओळीपर्यंत पोचत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा घे, दोन ओळींचा, रुंद नळीचा. वजनही निम्मं."

"तुम्ही अ‍ॅल्युमिनियमचं नाव घेताय?"

"घेतोय. लिहून ठेव कुठेतरी."

सगळं बसवून धुळ्यापर्यंत गाडी नेली. पाणी अठ्ठ्याऐंशी, तेल ब्याण्णव. काटा हलेना. इंजिन इतकं गोड बोलत होतं की धुळ्याच्या अलीकडे फागण्याजवळ मी काच उतरवून नुसतं ऐकत बसलो. हे इंजिन अभिमनशी सत्तावीस वर्षं असंच बोललं असतं.

कोइमतूरला मी जाणार नव्हतो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, दोन दिवस रेल्वेत बसून कंबर राहते का? पण हेमांगीने तिकीटच काढलं. गाडी कॅरियरवर पुढे गेली, आम्ही भुसावळहून मागे.

सकाळी पहिलं सत्र वीस मिनिटांचं. मी भिंतीशी उभा राहिलो, डोळे मिटून. माझं काम कानांचं. लांब सरळ पट्टा आला की बाकीच्या गाड्या शेवटपर्यंत ओरडत जायच्या. एस्टीमचा आवाज अर्ध्यातच पडायचा. प्रत्येक फेरीला त्याच जागी पाय उचलला जात होता. पोरीची वळणं ऐकून मात्र माझा हात आपोआप तेच जुनं हँडल शोधायला लागला.

ती परत आली, हेल्मेट काढलं. "तेल एकशे सहा, पाणी एक्क्याण्णव. काका, तुम्ही जिंकलात."

"मी कसला जिंकतो? तू पाय का उचलतेस?"

ती घाम पुसत राहिली. "आई निघताना म्हणाली, बापाचा पाय घेऊ नको. बाबांनी पायाने दोन इंजिनं मारली, काका. तुम्हीच सांगायचात ना. हे शेवटचं आहे. माझ्याकडून नको जायला."

बाजूला कोणीतरी चाकात हवा भरत होतं. तो आवाज थांबेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. सगळं सांगितलं. आखाजी, व्हॉल्व्ह, दीपनगरचे साहेब, पंधरा वर्षं. "तुझ्या बापाचा पाय चांगला होता," मी म्हणालो. "इंजिन मी मारलं. आणि नाव त्याचं घेतलं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. मला वाटलं, आता ही मला इथूनच हाकलून देणार, आणि द्यायलाच हवं.

तिने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मला सांगून काय उपयोग? आईला सांगा. वीस वर्षं तिने बाबांना बोल लावलाय."

पलीकडे सुमनवहिनी म्हणाल्या, "हां, बोल बेटा."

"वहिनी, तोताराम बोलतोय."

आखाजीपासून सगळं सांगितलं. मग त्या आमच्या बोलीत, अगदी हळू म्हणाल्या, "ते जित्ता व्हतात तवय का बरं नही सांगं, भाऊ?"

"लाज वाटली, वहिनी."

"मी त्यासले पोरना डोकावर हात ठेवाले लावा. तुमना दुकानमा." त्या रडत होत्या. मीही रडत होतो, लोक बघत होते, बघू दे म्हटलं. "ते एक सबद बोलनात नही मले. कधीच नही."

लाउडस्पीकरवर दुसऱ्या सत्राची घोषणा झाली. हेमांगी गाडीत जाऊन बसली होती, पट्टे आवळत होती.

"मन्ही पोर कथी शे?" वहिनींनी विचारलं.

"गाडीत बसली आहे. निघतेय."

"तिले सांगा," वहिनी म्हणाल्या, "दाबीसन चालाव."

मी खिडकीशी गेलो. हेमांगीने हेल्मेटची काच वर केली. "काय म्हणाली आई?"

मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. तिने माझा हात धरला आणि पुन्हा विचारलं. मग मी वहिनींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिने काच खाली ओढली आणि गाडी सोडली. मी भिंतीपर्यंत पोचेतो ती सरळ पट्ट्यावर आली होती, आणि या वेळी आवाज मधे कुठेच पडला नाही.