पाणी बारमाही

वैशाखातला गव्हाळगड. पहाटे निळसर, सूर्य कासराभर वर येताच ताम्रवर्ण, आणि दुपारी नुसता पांढराफटक. कारवीच्या वाळक्या काटक्या वाऱ्यावर खडखडत होत्या. जाळीतली करवंदं उन्हानं सुरकुतली होती. त्या तप्त, तृषार्त, छायाहीन वाटेवरून दोन माणसं चढत होती.

पुढे ठकूबाई, पायथ्याच्या वाडीतली, साठीची, अनवाणी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळेची कळशी, कळशीच्या तोंडावर पळसाचं पान. मागे देवस्थळी मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. वर भैरोबा आहे, त्याच्या अभिषेकाचं पाणी असेल, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

त्यांच्या हातात एक कागद होता, त्यांच्याच वळणदार अक्षरातला. पंचवीस वर्षं डोंगर हिंडून त्यांनी अशी कितीतरी टिपणं लिहिली होती. तरुण पोरं ती मागून न्यायची, आणि मास्तरांना त्याचा मोठा अभिमान होता.

गेल्या वैशाखात शाल्मली आली होती. त्यांची विद्यार्थिनी, बावीस वर्षांची, हसरी, एकटीनं डोंगर चढायची हौस असलेली. मास्तरांनी तिला या गडाचा कागद दिला आणि वर कौतुकानं म्हणाले, "पाण्याचं ओझं कशाला वाहतेस? एक बाटली पुरे. माथ्यावर टाकं आहे."

ती माथ्यावरच सापडली, तिसऱ्या दिवशी. ओठ फुटलेले, बाटली कोरडी.

वर्षभर मास्तर एका आशेला धरून होते. तिला टाकं सापडलंच नसेल. वाट चुकली असेल बिचारी. टाक्यात पाणी असेल, काठोकाठ असेल, फक्त तिची नि त्याची गाठ पडली नसेल. ही आशा क्रूर होती हे त्यांना कळत होतं, पण त्या आशेशिवाय त्यांना झोप लागत नव्हती. आज ते तेवढंच बघायला आले होते.

पदरापर्यंत, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीपर्यंत, सोपी वाट, असं कागदात लिहिलं होतं. वाट सोपी होती. पुढे घसारा, जपून. मुरूम पायाखालून सळसळत दरीत गेला, आणि ठकूबाईनं मागे वळून हात दिला. कळशी हलली नाही. मग कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकूण चाळीस. मास्तरांनी मोजल्या, चाळीस भरल्या. प्रत्येक ओळ खरी निघत होती, आणि प्रत्येक खऱ्या ओळीबरोबर शाल्मली वाट चुकली असेल ही आशा विरत होती. आता एकच ओळ उरली होती.

माथा आला. रखरखीत, निःशब्द, उन्हानं भाजलेला माथा. कातळाच्या पोटात टाकं होतं, पायऱ्या संपताच समोर, आंधळ्यालाही सापडावं असं. तळाशी चिखलाच्या वाळक्या खपल्या, आणि कोपऱ्यातल्या सावलीत एक रिकामी कळशी.

मास्तर टाक्याच्या काठाशी वाकले.

"हे कधी आटलं?"

"दर साली म्हाघातच आटतंय, गुरुजी. माज्या सासूच्या येळंपास्नं."

मार्गशीर्षात आले होते मास्तर. एकदाच. गार, गर्द, आभाळानं भरलेलं टाकं पाहून भान हरपलं होतं, आणि त्या भरात एक शब्द लिहून गेले होते. बारमाही.

ठकूबाईनं भरली कळशी अलगद उतरवून सावलीत ठेवली. अभिषेकाला गेली नाही.

"मग हे पाणी?"

"गेल्या साली हितं एक पोर तान्हेली मेली. मीच बघितली पयली. हातात कागद व्हता. लोकं म्हनली, त्यात पानी लिवलंय." तिनं कळशीवरचं पान नीट बसवलं. "लिवलंय म्हंजी मानसं येनार. म्हनून पाऊस लागंस्तवर रोज एक कळशी आनून ठेवते. दुसरं काय करनार?"

रोज. तो घसारा, त्या चाळीस पायऱ्या, ते ऊन. मास्तरांच्या एका शब्दाखातर एक अनवाणी म्हातारी रोज डोंगर चढत होती.

"ठकूबाई, तो कागद मी लिहिला होता."

वारा थांबला होता. दूर एक घार गिरकी घेत होती. ठकूबाईनं त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग होता, तो तिनं लपवला नाही.

"वाडीत कुनालाबी इचारायचं व्हतं, गुरुजी. कुनीबी सांगितलं असतं."

मग तिनं पळसाच्या पानाचा द्रोण केला, भरला, पुढे केला. "प्या. ऊन लई हाय."

मास्तर ओंजळीत तोंड लपवून रडले. पाणी ते प्यायले नाहीत. द्रोण परत कळशीत ओतला, थेंबही सांडू न देता. कागदावरचा तो शब्द खोडला. मग टाक्यात उतरून कालची रिकामी कळशी खांद्यावर घेतली.

"ऱ्हाऊ द्या, मी नेते की."

"उद्या भरून मी आणतो," मास्तर म्हणाले. "पाऊस लागेपर्यंत मी वाडीतच राहीन."

उतरत्या उन्हात डोंगर पुन्हा ताम्रवर्ण झाला. चाळीस पायऱ्या, मग घसारा, मग पदर. पुढे ठकूबाई, मागे मास्तर, आणि मास्तरांच्या खांद्यावर रिकामी कळशी.