एक ठोका, गुडघे टेका

मी फट्या. लाकडाचा आहे आणि तोंडाचा फटकळ आहे. गोड बोलणारी वस्तू हवी असेल तर आरशाकडे जा.

दोन सागवानी फळ्या, हातभर लांब, एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या. उघडून आपटल्या की झाडावरचे कावळे उडतात. सिस्टर मला क्लॅपर म्हणायच्या. पोरांनी फट्या केलं. मोठ्यांनी ठेवलेली नावं कागदावर राहतात, पोरांनी ठेवलेली चालतात.

आधी मी कल्याणजवळच्या फौजी कॅम्प नंबर तीनमधल्या बराकीचं दार होतो. लढाई संपली, फौज गेली, आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या बराकींत उतरली. एकेका बराकीत दहा-पंधरा बिऱ्हाडं. दाराची फळी कुणी पलंगाला लावली, कुणी चुलीला. उरलेला तुकडा कुळगावच्या हिरामण सुताराने उचलला. त्याच्याकडे एक दिवस मिशनच्या शाळेचे थोरले फादर आले. पांढरी दाढी, सायकल, घामाने भिजलेला झगा. त्यांनी हाताने माप दाखवलं.

"घंटा नाय का तुमच्या देवळात?" हिरामणने विचारलं.

"आहे ना. पण ईस्टरच्या आधी गुरुवारपासून शनिवारपर्यंत ती बोलत नाही. येशूच्या दुःखाचे दिवस. तेव्हा लाकूड बोलतं."

"म्हंजी वर्षाचं तीन दिस काम?" हिरामणने रंधा खाली ठेवला. "फादर, असली नोकरी मलाबी बघा की."

फादर खूप हसले. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांनीच जगात किती घोळ घातलाय, ते पुढे कळेलच.

शाळा अंबरनाथ-बदलापूरच्या रस्त्याला. पत्र्याच्या चार खोल्या, एक लहानसं चर्च, समोर मोकळं मैदान आणि मैदानाच्या टोकाला पाण्याची टाकी. पोरं सगळ्या जातीची. कारखान्यात लागलेल्या ख्रिस्ती कामगारांची, कॅम्पातल्या सिंध्यांची, आजूबाजूच्या शेतकऱ्यांची. चौथीच्या वर्गाला तुस्कानो मास्तर. वसईकडचे. आवाज बारीक, राग जाड. माझी तीन दिवसांची नोकरी त्यांनीच बिघडवली.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी क्रूसाची वाट व्हायची. भिंतीवर चौदा चित्रं, चित्रापुढे थांबायचं, प्रार्थना करायची. साठ पोरं एकदम खाली बसेनात, एकदम उठेनात. मास्तरांनी मला कपाटातून काढलं. एक ठोका, गुडघे टेका. दोन ठोके, उठा. पहिल्या शुक्रवारी गोंधळ झाला, दुसऱ्या शुक्रवारी फौज झाली. ख्रिस्ती नसलेली पोरंही मागे उभी असायची आणि वेताच्या धाकाने टेकायची.

इथवर ठीक होतं. पण मास्तरांना माझी चटक लागली. त्यांनी मला वर्गातल्या खिळ्याला कायमचं टांगलं. गलका झाला, ठोका. पाढा चुकला, ठोका. पोरं बाकामधल्या फटीत गुडघ्यावर. प्रार्थनेसाठी केलेली वस्तू मी, आणि शिक्षा द्यायला लागलो. मला लाज वाटायची. लाकडाला लाज वाटते. मास्तरांना वाटलेली मी तरी पाहिली नाही.

त्या खिळ्यावरून मला खिडकीबाहेरचा व्हरांडा दिसायचा. तिथे जिवली बसायची.

जिवली बारवीकडच्या डोंगरातल्या ठाकरवाडीतली. आई नवसी रोज पहाटे डोंगर उतरून सिस्टरांच्या स्वयंपाकघरात लाकडाची मोळी आणायची. पोर मागोमाग. आई मोळी फोडेपर्यंत पोर चौथीच्या खिडकीखाली. कोळशाने फरशीवर अक्षरं काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. दोन वर्षांत तिला एकोणिसाचा पाढा येत होता. वर्गात बसलेल्या निम्म्यांना बाराचा येत नव्हता.

एवढं होऊन हजेरीच्या पुस्तकात तिचं नाव नव्हतं. नवसीने एकदा हात जोडून विचारलं होतं.

"लिहिलं असतं गं बाई," मास्तर म्हणाले, "पण तुमची पोरं भातलावणीला गायब, गवतकापणीला गायब. माझ्या वर्गाची हजेरी घसरली की तपासणीचा साहेब मला विचारणार. तुला विचारणार आहे का?"

जिवली दोन वर्षांत सात दिवस चुकली होती. मी वरून मोजलेत. सिस्टर यायच्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, पेरू द्यायच्या आणि जायच्या. पेरूने कुणाचं नाव लिहिलं जात नाही.

पंचावन्न साली ईस्टर एप्रिलात आला. मैदानाच्या कडेचे पळस फुलून गळायला लागले होते. शनिवारी रात्री घंटा पुन्हा वाजली, सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. म्हणजे माझी सुट्टी. पण सोमवारी शाळेच्या शर्यती होत्या आणि मास्तरांच्या शिट्टीतला मणी कुठेतरी पडला होता.

"फट्याने सोडू," मास्तर म्हणाले.

मैदानाला चुन्याची रेघ. आंब्याखाली आया, बाप, रंगवलेल्या अंड्यांची टोपली. लिंबू-चमचा झाला, पोत्यातली शर्यत झाली. त्या दोन्हींना मास्तरांनी नुसती हाळी दिली होती. मग मोठी शर्यत. फादर खुर्चीवरून उठले.

"जो कुणी पहिला टाकीला हात लावेल, तो येत्या रविवारी कल्याणला मिशनच्या सगळ्या शाळांच्या स्पर्धेत आपल्याकडून धावेल."

"जो कुणी?" फिलूने ओरडून विचारलं. फिलू म्हणजे फिलोमिना, रेल्वेतल्या खलाशाची पोर, वर्गातली सगळ्यात आगाऊ.

"जो कुणी," फादर हसून म्हणाले.

फिलू धावत व्हरांड्यात गेली आणि जिवलीला मनगट धरून ओढत घेऊन आली.

"मी पहिली आले तर नाव लिवतील?" जिवलीने विचारलं.

"लिहावंच लागेल. कल्याणला नाव विचारतात. नाव नाही तर काय सांगणार, भूत धावलं म्हणून?"

मास्तरांनी पाहिलं. कपाळाला आठी पडली. पण फादरांच्या शब्दावर फादरांसमोर कोण बोलणार? रेघेवर अकरा पोरं आणि बारावी जिवली. मास्तरांनी मला डोक्यावर धरलं, उघडलं आणि आपटलं.

फट्!

अकराच्या अकरा पोरं धाडकन गुडघ्यावर बसली.

देवाशपथ सांगतो. कुणी विचार केला नाही. चाळीस दिवस जे अंगात भरलं होतं, ते अंगाने केलं. मुरली नावाच्या सिंधी पोराने तर छातीवर क्रूसही काढला. आणि खिडकीबाहेरच्या पोरीला गुडघ्यांचं हे शिक्षण कुणी दिलंच नव्हतं. ठोका पडला तशी ती सुटली. अनवाणी, चिंध्यांचा परकर एका हाताने वर धरून. पोरं भानावर येऊन उठेपर्यंत तिने निम्मं मैदान कापलं होतं. तिने टाकीला हात लावला, वळली आणि कोण कुठे राहिलं म्हणून बघायला लागली.

आंब्याखाली हसू फुटलं. फिलूचा बाप तर पोट धरून खाली बसला. सगळं मैदान हसत होतं आणि मास्तर हसत नव्हते. त्यांना वाटलं, लोक त्यांना हसताहेत. बरोबरच वाटलं.

"रद्द! शर्यत रद्द! पुन्हा रेघेवर या!"

"सर, पण चूक आमची आहे," फिलू गुडघ्यांची धूळ झटकत म्हणाली. "ठोका पडला, आम्ही टेकलो. तुम्हीच शिकवलंय ना?"

"तू तोंड बंद कर. ए पोरी, चल, रेघेवर."

जिवली टाकीपासून हलली नाही. तिकडूनच म्हणाली, "मी पोचले. जे नाय पोचले त्यांनी धावा."

एवढं साधं, खरं वाक्य त्या शाळेत वर्षभरात कुणी बोललं नव्हतं. मोठी माणसं अशा वाक्याला उद्धटपणा म्हणतात.

सगळे फादरांकडे बघायला लागले. 'जो कुणी' हा शब्द त्यांचा होता. फादरांनी दाढी कुरवाळली, मास्तरांकडे पाहिलं, जिवलीकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही बघा काय ते," म्हणाले आणि अंडी वाटायला गेले. हेच ते घोळ घालणं. आदल्या शुक्रवारीच त्यांनी पोरांना सांगितलं होतं, येशू निर्दोष आहे हे ठाऊक असूनही सुभेदार पिलाताने सगळ्यांसमोर हात धुतले म्हणून. डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं.

शर्यत पुन्हा झाली, यावेळी हाळी देऊन. कुणीतरी जिंकलं. मी लक्षात ठेवलं नाही.

मंगळवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेपुढे मास्तरांनी नवसीला बोलावलं. हजेरीचं पुस्तक, टाक, दौत, सगळं टेबलासकट व्हरांड्यात मांडलं होतं.

"हे बघ बाई, मी मनात काही ठेवत नाही. तुझी पोर काल सगळ्यांसमोर उलट बोलली. आज सगळ्यांसमोर एका ठोक्यावर गुडघे टेकू दे, माफी मागू दे. त्याच घडीला नाव लिहितो."

जिवलीची नजर दौतीवर होती. दोन वर्षं तिला जे हवं होतं, ते चार हातांवर होतं.

"टेक की गं," नवसी तिच्या कानाशी लागली. "काय झिजतंय? मी रोज टेकते मोळी उतरवताना."

"तू मोळीसाठी टेकते, आये. हे कशासाठी?"

"नावासाठी!"

"नाव धावून काढलंय मी."

मास्तरांनी ठोका दिला. समोर रांगेतली साठ पोरं सवयीने खाली बसली. जिवली उभी. मास्तरांनी आणखी जोरात दिला. दुसरा ठोका ऐकून पोरं उठली. जिवली उभीच. तिसरा, पोरं खाली. चौथा, पोरं वर. मास्तर आपटत राहिले आणि साठ पोरं मुसळासारखी वरखाली, वरखाली. ज्या एका पोरीसाठी हे सगळं चाललं होतं, ती तेवढी जागची हलत नव्हती. सिस्टरांनी तोंडाला पदर लावावा तशी झग्याची बाही लावली.

मग उठलेल्या पोरांतली फिलू पुढच्या ठोक्याला बसलीच नाही. "सर, पाय दुखले," म्हणाली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्या शेजारचा मुरली उभा राहिला. मग त्याच्या मागची रांग.

मास्तरांनी मला शेवटचं आपटलं ते असं, की बिजागरी उखडली आणि एक फळी उभी चिरली. खोटं कशाला बोलू, मीही थोडं अंग सैल सोडलं होतं.

नवसीने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. आयाही अशाच. ज्याच्यावर हात उचलता येतो त्याच्यावर उचलतात. जिवली रडली नाही. आईची रिकामी चुंबळ उचलून रस्त्याला लागली. दौतीचं झाकण मास्तरांनी लावून टाकलं. रविवारी कल्याणला दुसरंच कुणी धावलं.

माझी चिरलेली फळी स्वयंपाकघराच्या चुलीत गेली. उरलेला मी, मास्तरांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली. टेबल हलू नये म्हणून. म्हणजे अजूनही मास्तरांच्या कामाला आहे, पण मन लावून करत नाही. ते लिहायला वाकले की मी जरा सरकतो. अक्षर वेडंवाकडं येतं.

जूनमध्ये शाळा उघडली. तीच पोरं पाचवीला, तेच मास्तर. खिडकीखाली जिवली येऊन बसली होती, मोळी नाही, आई नाही, एकटी डोंगर उतरून. मास्तरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि नवं पुस्तक उघडलं.

"फिलोमिना."

उत्तर नाही.

"फिलोमिना! समोर बसलीस, दिसतेस मला."

"मग लिहा की सर, दिसते म्हणून. खिडकीतली पण दिसतेच की."

"मुरली."

उत्तर नाही. पुढचं नाव. उत्तर नाही. चौतीस नावं मास्तरांनी वाचली. पत्र्यावर पावसाची भुरभुर, आणि बाकी वर्ग असा गप्प की टाकाचं टोक कागदावर टेकलेलं मला खाली ऐकू आलं. कुणी दंगा केला नाही. कुणी उद्धट बोललं नाही. फक्त 'हजर' म्हणायला तोंड उघडलं नाही. चौतीस पोरं डोळ्यांसमोर, आणि हजेरी शून्य.

"साहेब विचारतील, सर," फिलू हळूच म्हणाली.

खण उघडल्याचा आवाज आला. मास्तरांनी पेन्सिल काढली आणि पस्तिसाव्या ओळीत लिहिलं.

"पेन्सिलीने?" फिलूने मान लांब केली.

"शाई संपली," मास्तर म्हणाले. दौत भरलेली होती. टेबल हललं तेव्हा ती डचमळल्याचं मी ऐकलंय.

मास्तरांनी मान वर न करता हाक मारली, "जिवली."

ती दारातून आत आली, फिलूच्या बाकावर बसली आणि मग म्हणाली, "हजर."

तेव्हापासून रोज म्हणते. खणात रबर आहे, हे तिला ठाऊक आहे, पोरांना आहे, मला आहे. मास्तर रोज त्या नावापाशी येतात, बोट थांबतं, आणि पुढे जातं.

मास्तर, मी तुमच्या पायाशीच आहे. खोडून बघा.