थोरलीची डावी, धाकटीची उजवी

मित्रांनो, मी एक जुनी टगबोट आहे. बंदरात शिरणाऱ्या अगडबंब जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत ओढत आणणारी जी लहानशी, दणकट बोट असते ना, ती टगबोट. अर्थात मी खरी नाही, खऱ्या बोटीची लाकडी प्रतिकृती आहे. लांबीला जवळजवळ जेवणाच्या टेबलाएवढी. पोटात मोटार आहे, अंगावर हुबेहूब कठडे, कड्या आणि दिवे आहेत, कडेला छोटे छोटे रबरी टायर टांगलेले आहेत. मला कोणी खेळणं म्हटलं की माझा तिळपापड होतो. खेळण्यामुळे कुणाचं फुटायला आलेलं घर सांधलं जात नाही. माझ्यामुळे ते सांधलं गेलं होतं.

मला घडवलं दोन बहिणींनी, त्यांच्या बाबांसाठी. बाबांनी सारी नोकरी एका खऱ्या टगबोटीच्या इंजिनाशेजारी काढली होती. निवृत्त झाल्यावर एकदा ते सहज बोलून गेले, "मी सगळा वेळ तिच्या पोटात होतो. ती चालताना बाहेरून कशी दिसते ते काही मला बघायला मिळालं नाही." ती बोट तोवर भंगारात निघाली होती. मुलींनी बाबांचं बोलणं मनावर घेतलं आणि तीच बोट लहान आकारात बांधायची ठरवली.

थोरली दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. तिचा हात इतका बारीक की माझ्या शिडीची एकेक पायरी तिने दात कोरायच्या हत्यारांनी घासली. धाकटी बसगाड्यांच्या कार्यशाळेत मेकॅनिक होती. तिची नखं कायम काळी, पण मोटारीचा आवाज ऐकूनच ती तिचं दुखणं सांगायची. बाबा थोरलीकडे राहत, तिसऱ्या मजल्यावर. धाकटी चार गल्ल्या सोडून तळमजल्यावरच्या खोल्यांत एकटी राहायची. माझा मुक्काम थोरलीच्या जेवणाच्या टेबलावर होता, त्यामुळे थोरलीचे यजमान बिचारे ताट मांडीवर घेऊन जेवत. ते मला 'टगी' म्हणायचे. "टेबल टगीचं, आम्ही आपले पाहुणे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. धाकटीचे ते भावोजी, म्हणून मीही त्यांना भावोजीच म्हणते.

आता माझं अंग कसं बनलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी मधला लांब कणा, मग त्याला आडव्या बरगड्या, आणि त्या बरगड्यांवर लाकडाच्या पातळ पट्ट्या. पट्टी गरम पाण्यात भिजवायची, वाकवायची, गोंद लावून बसवायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून ठेवायची. वाळताना पट्टी आकसते आणि सगळा सांगाडा आपल्याकडे ओढते. म्हणून डावीकडे एक लावली की उजवीकडे एक लावावीच लागते, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी राहते. बहिणींनी यातून घरचा रिवाजच पाडला. डावी बाजू थोरलीची, उजवी धाकटीची. एकीने दुसरीच्या बाजूला बोटही लावायचं नाही. "झाली माझी, आण तुझी," असं म्हणत रविवारचा दिवस कसा जायचा ते कळायचं नाही. बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बघत बसायचे. मित्रांनो, तेव्हा मी फार सुखात होते.

मग एके दिवशी बाबा जिन्यात पडले. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला आणि मनगट मुरगळलं. धाकटी धावत आली. घाबरलेलं माणूस पटकन रागावतं, तसं तिचं झालं.

"तुझं लक्ष कुठं होतं, ताई?"

"लक्ष कुठं होतं म्हणजे? मी काय त्यांच्या मागेमागे जिन्यात फिरू?"

"मग माझ्याकडे राहू देत. मी बघते त्यांचं."

"म्हणजे मी बघत नाही? इतकी वर्षं काय त्यांना उपाशी ठेवलंय मी?"

शब्दाने शब्द वाढत गेला. भावोजी "अगं, हळू" म्हणायला गेले आणि दोघींची बोलणी खाऊन परत आले. शेवटी धाकटीने चपला पायात सरकवल्या. दारातून ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माझ्या बाजूला हात लावायचा नाही हं. आहे तशी राहू दे." आणि ती तरातरा जिना उतरून गेली. बाबा काहीतरी बोलणार होते, पण थोरली आत जाऊन भांडी आपटू लागली. त्या आवाजात त्यांचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी धाकटी आली नाही. थोरली बराच वेळ माझ्यासमोर नुसती बसून होती. मग तिने पट्टी भिजवली, वाकवली आणि डावीकडे बसवली. उजवीकडे तिने पाहिलंही नाही. नको म्हणालीस ना, मग नाही लावत, असा तिचा हट्ट. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी पट्ट्या, त्याही डावीकडेच. ती स्वतःच्या बाजूचं काम इतकं सुंदर करत होती की बोलायची सोय नाही. पण प्रत्येक पट्टी वाळली की मी डावीकडे थोडी थोडी पिळली जात होते. कण्यात कळ उठायची. उजवीकडच्या उघड्या बरगड्या कुरकुरायच्या. मला ओरडावंसं वाटे, अगं, थांब, तू मला वाकडी करते आहेस! पण लाकडाला वाचा कुठली? मी नुसती धास्तावून पुढच्या पट्टीची वाट बघायचे. तिचे हात गरम पाण्याकडे गेले की माझा जीव टांगणीला लागायचा.

एका दुपारी तिने मला उचलून सपाट पाटावर ठेवलं. मी डुगडुगले. तिने पुढून दाबलं तर मागचा कोपरा उचलला, मागून दाबलं तर पुढचा. टक, टक. तिने डोळा बारीक करून कण्याच्या रेषेत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. चूक तिच्या एका नजरेत ध्यानात आली. ती ध्यानात आल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं. तिने बारीक दातांची करवत उचलली.

"मोडूनच टाकते. नकोच ती बोट आणि नकोच ते रविवार."

करवतीचे दात माझ्या पहिल्या बरगडीला लागले. मित्रांनो, त्या क्षणी मी संपले असंच समजा. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले बाबा शांतपणे म्हणाले, "मोड की. पण अर्धी बोट तुझी नाही. तिला विचार आणि मग मोड."

थोरलीला बाबांचं बोलणं मोडवेना. तिने फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "बोट पिळली आहे. मोडायची आहे. तुझी परवानगी हवी." पलीकडून धाकटीचा आवाज एवढा मोठा आला की मलाही ऐकू आला. "हात लावू नकोस! आलेच मी!"

धाकटी आली ती कार्यशाळेच्या कपड्यांतच. ख्यालीखुशाली नाही, पाणी नाही. तिने मला दोन्ही हातांत घेऊन कण्याच्या रेषेत पाहिलं.

"तू एकटीने लावलेल्या पट्ट्या काढाव्या लागतील, ताई."

"सगळ्या?"

"सगळ्या."

थोरलीने वाद घातला नाही. वाफेवर गोंद मऊ करून तिने आपल्याच हातांनी आपलं काम एकेक करून सोलून काढलं. एवढं करूनही माझा पीळ गेला नाही, कारण कण्याला त्याची सवय झाली होती. आता एकीने नाक धरायचं, दुसरीने शेपूट, दोघींनी मला उलटा पीळ द्यायचा, आणि तसं धरलेलं असतानाच आतून आडवे आधार चिकटवायचे. मग गोंद घट्ट होईपर्यंत तसूभरही हलायचं नाही. हे काम चिमट्यांचं नव्हतं, किती जोर द्यायचा ते हातालाच कळतं. एकीने जास्त ओढलं आणि दुसरीने सैल सोडलं तर माझा कणा तडकणार होता. भावोजी "मी धरू का?" म्हणाले, तर दोघी एकदमच "नको!" म्हणाल्या. भांडण झाल्यापासून त्यांचं एकमत झालं ते तेवढ्याच बाबतीत.

आधार चिकटवायला बाबा लंगडत आले. खुर्ची ओढून त्यांनी गोंद लावला, आधार बसवले. बहिणी टेबलाच्या दोन टोकांना समोरासमोर, नजर चुकवत, मला घट्ट धरून उभ्या. मी श्वास रोखून होते. बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, "आता दोघींचे हात अडकलेत. कोणी चपला घालून निघून जाणार नाही, कोणी भांडी आपटणार नाही. तेव्हा ऐका. मी कुठं राहायचं यावरून तुम्ही इतकं भांडलात. मला विचारलं का कोणी?"

दोघींनी माझ्यावर नजर खिळवली. बाबाच पुढे म्हणाले, "त्या दिवशी मी जिन्यात कशाला गेलो होतो, हेही नाही विचारलं."

"कशाला गेला होतात?" धाकटीने हळूच विचारलं.

"खाली. नुसतं रस्त्यावर उभं राहायला. कितीतरी महिने मी खाली उतरलो नव्हतो."

थोरलीचा आवाज एकदम बारीक झाला. "मग तुम्हाला कुठं राहायचंय, बाबा?"

"धाकटीकडे."

थोरलीची पकड किंचित सैल झाली. मला ते कण्यात कळलं. तिने हात काढून घेतले असते तर मी त्याच क्षणी तडकले असते, आणि तिला हात काढून तोंडावर धरावेसे वाटत होते, तेही मला कळत होतं.

"ताई, धर," दुसऱ्या टोकाकडून धाकटी म्हणाली.

"धरलंय."

"तुझं काही कमी पडलं म्हणून नाही गं पोरी," बाबा म्हणाले. "तिथं दार उघडलं की रस्ता आहे. इथून मला माणसं दिसतात, पण बोलायला मिळत नाहीत."

"इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू रडशील म्हणून."

"मग आता काय करतेय मी?"

"रड. पण हात हलवू नकोस."

आणि ती खरंच रडली. गालांवरून पाणी वाहत होतं, नाक पुसायला हात मोकळा नव्हता, शेवटी भावोजींनी रुमाल धरला. पण तिचे हात हलले नाहीत. गोंद घट्ट झाला तेव्हा दोघींची बोटं आखडून गेली होती, सरळ होत नव्हती. टेबलाच्या कडेने येऊन धाकटी ताईची बोटं चोळू लागली. मी मात्र सरळ झाले होते. अगदी नाही, पण बरीचशी.

बाबा धाकटीकडे तळमजल्यावर राहायला गेले आणि त्यांच्यामागे मीही गेले. थोरली दर रविवारी तिथं येऊ लागली. उरलेल्या पट्ट्या एक डावी, एक उजवी अशाच लागल्या. रंग झाला, मोटार बसली आणि एका सकाळी मला बागेतल्या तळ्यात सोडलं. थोडा पीळ राहिलाच होता. मी डावीकडे ओढ घ्यायचे, आणि बाबा काठावरून हातातल्या रिमोटची कळ फिरवून मला उजवीकडे वळवायचे. "ती खरी बोटसुद्धा अशीच होती, हट्टी," असं ते कुणालाही थांबवून सांगायचे. मी चालताना बाहेरून कशी दिसते, ते त्यांनी पोटभर पाहिलं.

आता बाबा नाहीत. बहिणींच्या वेण्या पांढऱ्या झाल्या आहेत. धाकटीच्या घरी मी कपाटावर असते. त्यांचा माझ्यावर फार जीव आहे. धूळ बसू नये म्हणून मला धुतलेल्या चादरीत गुंडाळलं आहे, मोटार बिघडू नये म्हणून ती काढून ठेवली आहे, आणि रंग उडेल म्हणून मला पाण्याजवळ नेत नाहीत. दोघी येताजाता चादर नीट करतात आणि म्हणतात, "इथं कशी सुरक्षित आहे."

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी म्हातारं माणूस असेल, एखादं मांजर असेल, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. त्यांची काळजी जरूर घ्या. पण त्यांना काय हवंय ते आधी विचारा. मला तर अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं, तर मी लगेच सांगेन. मला तळ्यावर न्या.