काहिलीच्या तळाची राख

मी काहील बोलतेय. गूळ शिजवायची लोखंडी काहील. आठ फूट रुंद, गुडघाभर खोल, चार कड्या. फार बोलायची मला सवय नाही. पण गेल्या महिन्यातल्या एका रविवारी माझ्या पोटात जे घडलं, त्याचा धक्का अजून उतरलेला नाही. म्हणून बोलते.

माझा जन्म कोल्हापुरात, एका लोहाराच्या शेडमध्ये. पत्रा कापला, ठोकून वळवला, रिबिटा मारल्या. एक रिबीट जरा वाकडी बसली. मला न्यायला आलेल्या आकारामानं तिच्यावर बोट ठेवलं. लोहार म्हणाला, "गळंल म्हणून भ्या वाटतंय व्हय? लिहून देतो, पावणं." चाळीस वर्षं झाली. मी गळले नाही.

आकाराम गुळव्या. पंचगंगेच्या काठावर त्याचं गुऱ्हाळ होतं. रस उकळत आला की तो नुसत्या वासावरून सांगायचा, उतरवा. त्याचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. आठवत असतं तरी मी सांगितलं नसतं.

त्याची बायको चिमणाबाई. दुपारी डोक्यावर स्टीलचा डबा घेऊन यायची. त्यात भाकरी, झुणका, कांदा. संध्याकाळी माझ्याखालच्या चुलवाणातली, पिळलेल्या उसाच्या चिपाडाची राख घ्यायची आणि माझ्या पोटात उतरून मला घासायची. अठ्ठावीस हंगाम तिनं घासलं. आकाराम कधी हात लावायचा नाही. काठावर बसून म्हणायचा, "त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय बघ." ती म्हणायची, "गोल भांड्याला कोपरा कुठला काढलासा?"

पुढं ऊस कारखान्याला जाऊ लागला. गुऱ्हाळ बंद पडलं. मला शेडमागं पालथी घातली. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. अपमान वाटला. गिळला.

एकोणीसच्या महापुरानं मला सुलटी केली. आमच्याकडं पूर आला की काहिलीची नाव होते. तळ सपाट, बूड जड नाही. चिमणाबाईला मीच घरातून काढली, दोन रेडकं काढली. पूर ओसरला, पण पलीकडची पायवाट कायमची वाहून गेली. तेव्हापासून मी पाण्यातच आहे. शेजारचा कृष्णात माझ्यातून वैरण आणतो.

नदीचं एक जुनं पात्र आहे. पाणी हलत नाही. पाणकणीस, जलपर्णी, वरून वाळुंजाच्या फांद्या. तिथं माझ्याशिवाय काही जात नाही. त्याच काठावर गुऱ्हाळ होतं. आता तिथं एक उंबर उरलाय.

गेल्या महिन्यात, मंगळवारी, चिमणाबाई गेली. मुलगी भाग्यश्री मस्कतला. तिला लगेच निघता येईना. आकाराम माझ्या कडीला धरून उभा होता, तेव्हा फोनवर तिचं रडणं मला ऐकू आलं.

"आबा, मी येईपर्यंत आईला पाण्यात सोडू नका. मला एकदा हात लावू द्या."

"सोडत न्हाय," तो म्हणाला. "शब्द हाय माझा."

अस्थी घरात आणत नाहीत. बाहेर झाडाला बांधून ठेवतात. तिसऱ्या दिवशी त्यानं रक्षा सावडली, पांढऱ्या फडक्यात बांधली आणि तिच्याच भाकरीच्या डब्यात ठेवली. माझ्यात बसून जुन्या पात्रात आला. जिथं ती डबा घेऊन यायची, त्या उंबराला त्यानं तो बांधला. गाठ तीनदा ओढून बघितली.

भाग्यश्री सोमवारी येणार होती.

रविवारी सकाळी कोल्हापुरातून एक जोडपं आलं. उदयसिंह आणि मोना. त्यांचा एक खेळ होता. कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवतो आणि जागा फोनवर टाकतो. दुसऱ्यांनी शोधायचा. आतल्या वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. पुन्हा जागच्या जागी. जुन्या पात्रात, पायवाट होती तेव्हा लपवलेला, असा एक डबा आहे, असं फोन सांगत होता.

कृष्णात म्हणाला, "चला की पावणं, मला वैरणीला जायाचंच हाय."

मोना माझ्या काठाला घट्ट धरून बसली. "ही बुडणार नाही ना?"

"हिनं पुरातनं रेडकं काढलीत ताई. तुमचं काय वजन हाय?"

उदयसिंह हसला. मलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी माझ्यात बसून कुणी हसलं होतं.

कृष्णातला उंबरावरचा डबा ठाऊक होता. तो बोलला नाही. असलं पावण्यांना सांगत नाहीत. मलाही ते तेव्हा बरोबरच वाटलं.

काठाला लागलो. कृष्णात विळा घेऊन वैरणीला गेला. उदयसिंह फोन बघत वाळुंजाकडं गेला. "पाच मीटरवर दाखवतंय," असं ओरडत होता. मोना माझ्याजवळच राहिली. तिनं वर बघितलं.

"सापडला! उदय, सापडला!"

तिनं माझ्या काठावर उभं राहून गाठ सोडली. मी डोलले. जितकं डोलता येतं तितकं डोलले. तिनं फक्त तोल सावरला.

डबा माझ्या पोटात ठेवून तिनं उघडला. "वही कुठंय? कुणीतरी राख भरून ठेवलीय." फडकं सोडलं. वही शोधायला सगळं माझ्या तळावर ओतलं. "आणि शिंपले," ती म्हणाली. ओंजळभर उचलले आणि पाण्यात टाकले. टप, टप, टप. मग वाकून डबा जुन्या पात्रात दोनदा विसळला. पुढच्याला स्वच्छ मिळावा म्हणून. फडकं पिळलं. डब्यात आपलं एक पिवळ्या प्लास्टिकच्या बदकाचं कीचेन ठेवली.

पुरात मी बायाबापड्यांचा आक्रोश ऐकलाय. इतकी कधी हादरले नव्हते.

तेवढ्यात उदयसिंह आला. हातात प्लास्टिकचा हिरवा डबा. "अगं, हा बघ! ढोलीत होता. वहीपण आहे."

दोघं एकमेकांच्या हाताकडं बघत राहिली.

"मग हा कुणाचा?" मोना म्हणाली.

भारा घेऊन कृष्णात आला. डबा बघितला, उंबर बघितला. भारा खाली पडला.

"ताई, ह्यात काय हुतं?"

"राख होती. मी... धुतली."

"आमच्या चिमणाकाकू हुत्या त्या."

मोना मटकन खाली बसली. लगेच दचकून उठली, कारण माझ्या तळावर राख होती. मग तिला पाय कुठं ठेवावा कळेना. उदयसिंह पाण्याकडं बघत होता. पाण्यावर करडा तवंग पसरला होता. तो जागचा हलत नव्हता. वाहतं पाणी असतं तर निदान पुढं गेली असती.

विसळताना माझ्यात सांडलेलं पाणी उपसायला उदयसिंह घाबरून वाकला. कृष्णात ओरडला, "हात लावू नगासा! उरलंय ते ऱ्हाऊ दे!"

परत आलो, तर गावच्या घाटावर आकाराम उभा होता. कृष्णात म्हणाला, "तुम्ही जावा. मी सांगतो."

"नाही," मोना म्हणाली. "मीच सांगणार."

तिनं सांगितलं. काही लपवलं नाही. आकारामानं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्याचा आवाज अख्ख्या गुऱ्हाळाला पुरायचा.

"तुझी आई हाय?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग जा तिच्याकडं."

एवढंच. नंतर त्यानं घोंगडं आणून माझ्या तोंडावर पसरलं. वाऱ्यानं काही उडू नये म्हणून. कडेनं धोंडे ठेवले. सगळे गेल्यावर माझ्या काठावर हात आपटून म्हणाला, "शब्द गेला की गं माझा." तो कुणाला म्हणाला, मला की तिला, मला कळलं नाही.

सोमवारी भाग्यश्री थेट घाटावर आली. "आबा, आईचा डबा?"

आकारामानं मान खाली घातली नाही. "शब्द पाळला न्हाई मी. डबा धुतला परक्यानं. उरली हाय ती हितं हाय." त्यानं घोंगडं काढलं.

ती खूप वेळ बघत राहिली. मग माझ्यात उतरली, पाय पोटाशी घेऊन बसली. दोन्ही तळवे तिनं माझ्या तळावर टेकले.

कृष्णात पुढं झाला, पण मला ढकलायचा बांबू आकारामानं घेतला. नद्यांच्या संगमापर्यंत त्यानंच मला नेली. सत्तरीचा माणूस, एकदाही थांबला नाही.

संगमावर त्यानं ओंजळीनं पाणी घेतलं, माझ्या तळावर टाकलं आणि हातानं चोळू लागला.

"आबा, मी करते."

"तू बस. अठ्ठावीस वर्सं तिनं केलं."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला घासलं. त्याला येत नव्हतं. एकाच जागी घासत होता. ओंजळी भरून ते पाणी भाग्यश्री वाहत्या धारेत सोडत होती.

आता मी घाटावर बांधलेली आहे. वैरण आणते. नवीन कुणी बसलं की कृष्णात आधी सगळं सांगतो, लाज न धरता. तुम्हालाही माझं सांगणं एवढंच. झाडाला बांधलेला डबा दिसला तर हात लावण्याआधी काठावरच्या माणसाला हाक मारा. आणि काठावरच्या माणसानं, पावण्याला आधी सांगावं.

त्या वाकड्या रिबिटीच्या खाचेत चिमूटभर राख राहिली होती. आकारामानं ती बघितली. तिथं त्यानं हात नेला नाही.