एका खोलीच्या दोन नोंदी

निवेदिताने वाडीच्या तोंडाशी गाडी लावली आणि लॅपटॉप छातीशी धरून ती आत गेली. आनंदीबाईंच्या ओटीवर दोन कुटुंबांच्या बॅगा शेजारी शेजारी होत्या. समुद्राकडची खोली एकच, आणि आरक्षण पक्कं झाल्याचा संदेश दोघांकडेही.

नागावातल्या बावीस होमस्टेंची ही आरक्षणाची यंत्रणा तिनेच उभी केली होती. चूक अलिबागहून, घरबसल्याही दुरुस्त झाली असती; पण आनंदीबाईंना तोंड न दाखवणं तिच्याने होईना.

म्हसळ्याचे निवृत्त मास्तर शिवदास आणि कोकिळाबाई चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कुठे राहायला म्हणून निघाली होती. पनवेलच्या साहिल-नेत्राचं नुकतंच लग्न झालेलं. नेत्राने समुद्राकडची खिडकी फोटोत पाहूनच खोली निवडली होती. आनंदीबाईंनी खोली म्हाताऱ्यांना दिली आणि पोरांना स्वतःची. नेत्रा हो म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला तो उतरलाच.

"सोमवारी सगळे मालक जमणार आहेत," आनंदीबाई म्हणाल्या. "परत वही काढू म्हणतात. मी काय सांगू त्यांना, बाय?"

निवेदिता झोपाळ्यावर बसली. कारण सापडायला वेळ लागला नाही. काम तीन सर्व्हरवर चालायचं आणि उत्तर झटकन द्यावं म्हणून प्रत्येक जण खोल्यांच्या माहितीची नक्कल आपल्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचा. एकाने खोली दिली, तरी दुसऱ्याच्या नकलेत ती रिकामीच होती. तिने नियम बदलला. नक्कल नुसती दाखवण्यापुरती. खोली देताना मूळ डेटाबेसमधल्या तिच्या नोंदीला आधी कुलूप लावायचं, ती रिकामी आहे ना ते तिथेच पाहायचं, आणि दिली की बाकीच्यांना जुनी नक्कल टाकून द्यायला सांगायचं.

मग तिने यंत्रणेत एक खोटी खोली तयार केली. एक मोबाइल आनंदीबाईंच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि दोघींनी बरोबरच बटण दाबलं. एकीला खोली मिळाली, दुसरीला 'ही खोली आत्ताच गेली' असं उत्तर आलं. वीसदा दाबून पाहिलं. दोघींनाही खोली मिळाली, असं एकदाही झालं नाही.

"सोमवारी मी बोलेन," एवढंच म्हणून आनंदीबाई आत गेल्या.

निवेदिताचे खांदे सैल झाले. लॅपटॉप मिटण्याआधी तिने सहज सकाळच्या नोंदी उघडल्या. साहिलची मागणी आधी आली होती. अर्ध्या सेकंदाने, पण आधी.

जेवायला हाक आली. स्वयंपाकघरात कोकिळाबाई आनंदीबाईंच्या चुलीपाशी बसून नेत्राला तांदळाची भाकरी थापायला शिकवत होत्या. नेत्राची भाकरी परातीतच फाटली, तशी दोघी हसल्या. निवेदिता पाटावर बसली, तेव्हा कोकिळाबाईंनी हात थांबवला.

"खरं सांग हां बाय. पहिली कुणी घेतली होती खोली? पोरांनी घेतली असेल तर आमी उठतो. माझ्या मनाला लागून राहिलंय."

नेत्राही बघत होती. निवेदिताने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"दोघांनी एकदमच घेतली, काकू. म्हणून तर घोळ झाला."

"असं होय," कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली, तशी उचलून त्यांनी नेत्राच्या ताटात वाढली.