कबुतराच्या मानेचा रंग

पोलातने नुकूस शहरातून टीव्ही आणला तो पिकअपमधून, दोन रजयांत गुंडाळून, स्वतः मागे त्याला धरून बसून. बाळंतिणीलाही कुणी इतकं सांभाळून आणत नाही, असं त्याची आई बीबीसारा म्हणाली. तिला ठाऊक होतं. पोलातच्या वेळी तिला कारखान्याच्या मासे वाहायच्या ट्रकमधून घरी आणलं होतं.

टीव्ही जवळजवळ भिंतीएवढा. खिडकीसमोरच्या भिंतीला उभा केला, चालू केला आणि त्यात दिसली ती खिडकीच. मुयनाक गावात खिडकीबाहेर झाड नाही की सावली नाही. जिथे समुद्र होता तिथे मिठाने पांढरी पडलेली जमीन आहे आणि ती दिवसभर घरात ऊन फेकत असते. टीव्हीवरची गाणारी बाई त्या उजेडात पुसट हलत होती. पडदा लावला, पडद्यावर रजई टांगली, तरी कडांतून उजेड आत यायचा तो आलाच.

"तोरवर ठेवला तर दिसेल," पोलात म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

तोर म्हणजे दारासमोरची मानाची जागा. तिथे त्याचे वडील सारसेनबाय बसत. त्यांच्याआधी त्यांचे वडील बसत. तिथे पाहुणा बसतो, दुआ करायला आलेला मोल्ला बसतो. तिथे यंत्र ठेवायचं आणि म्हाताऱ्याला उठवायचं? सून जुमागुल चहाची किटली हातात धरून तशीच थांबली. आता घरात आग लागणार.

सारसेनबाय उठले. उशी काखेत मारली. भिंतीला हात लावत दाराशी आले, जिथे चपला असतात, जिथे सुनेने बसायचं असतं, आणि तिथे उशी टाकून बसले.

"ठेवा," ते म्हणाले. "समुद्र घरी येतोय. तोरवर तो बसेल. मी दाराशी बसतो."

या माणसाने जिल्ह्याच्या साहेबालासुद्धा तोरवर अर्धीच जागा दिली होती.

समुद्र येणार होता शुक्रवारी. नुकूसच्या वाहिनीवर एक जुना माहितीपट लागणार होता, रंगीत. बोटी गावाच्या पायाशी लागत होत्या त्या काळी कुणीतरी येऊन काढलेला आणि मग कुठल्याशा तळघरात सडत पडलेला. आता कुणाला तरी सापडला. सारसेनबायांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर म्हणाला होता, ताबडतोब आणा. हे म्हणाले, शुक्रवारनंतर. शेजारच्या एकाचा डोळा शस्त्रक्रियेत गेला होता आणि तेव्हापासून सुरी म्हटलं की हे हटून बसत. "फाडून घेतला आणि गेला तर? आधी समुद्र बघतो. मग डोळा न्या, कान न्या, काय न्यायचं ते न्या."

जुमागुलने समुद्र पाहिला नव्हता. मुयनाकमध्ये जन्मली, मुयनाकमध्ये वाढली, वाळूत अडकलेल्या बोटींवर लपंडाव खेळली, आणि समुद्र पाहिला नव्हता. ती जन्मली तेव्हा तो क्षितिजाच्याही पलीकडे गेला होता. गेला म्हणजे काय, नेला. दोन नद्या वळवून कापसाला पाजल्या. कुणी या गावाला विचारलं नाही, कुणी या गावाची माफी मागितली नाही. उरलं ते मीठ. वारा सुटला की ते वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतं, पिठात बसतं, पोरांच्या छातीत बसतं. बाहेरगावचे लोक येऊन गंजलेल्या बोटींसमोर हसत फोटो काढतात आणि तिला विचारतात, इथे चांगलं जेवण कुठे मिळतं?

लहानपणापासून ती प्रत्येक म्हाताऱ्याला एकच विचारायची: रंग कसा होता? कुणी म्हणे निळा. निळा तर मोजाही असतो. एकटे सारसेनबाय, ती या घरात सून म्हणून आली त्या वर्षी, म्हणाले होते: "कबुतराच्या मानेवर ऊन पडतं ना, तसा." तेव्हापासून कबूतर दिसलं की ती काम टाकून बघत राही. पण ती मान बोटभर. समुद्राएवढी मान डोळ्यांपुढे कशी आणायची? सासूला विचारून उपयोग नव्हता.

"मला काय विचारतेस, केलिन?" बीबीसारा म्हणायची. केलिन म्हणजे सून. "सारी उमर कारखान्यात माशांची पोटं फाडली. समुद्र पाठीमागे होता. मान वळवली तर मुकादमीण ओरडायची."

तेव्हा शुक्रवार. एकदाच. चुकीचा रंग दिसला तर पुन्हा विचारायचं कुणाला?

पोलात कामाला लागला. त्याने फोनवर एका टकल्या रशियनाचे व्हिडिओ पाहिले होते आणि आता तो त्या टकल्याच्या आवाजातच बोलत होता. दुकानात टीव्ही भडक लावून ठेवतात म्हणे, गिऱ्हाईक भुलावं म्हणून. तो भडकपणा आधी काढायचा. मग धार कमी करायची, म्हणजे माणसांच्या कडेने पांढरी रेघ दिसत नाही. त्या वाहिनीवर माहितीपटाची झलक सारखी लागत होती: बोट, जाळं, चार लाटा, संपलं. त्या चार लाटांसाठी सगळं घर कलिंगडाच्या किडीवरचा सल्ला ऐकत बसे आणि झलक लागली की पोलात रिमोटवर झडप घालत असे.

"लाट अशी घसरत नाही," पहिल्यांदा बघून सारसेनबाय म्हणाले. "ही साबण लावल्यासारखी घसरतेय. लाट तुटते."

पोलातने कपाळाला हात लावला. मग फोन बघितला. टीव्ही हालचाल गुळगुळीत करत होता, ते बंद करायला हवं होतं. केलं. पुन्हा कलिंगड, पुन्हा कीड, मग झलक.

"तुटली!" म्हातारा गुडघ्यावर थाप मारत ओरडला. "बघितलंस? तुटली!"

बापलेक लहान पोरांसारखे हसले. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग रंगाचा प्रश्न आला.

पोलातने टकल्याच्या सांगण्यावरून निळा कमी करून चित्र उबदार केलं. बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावर लाली आली, तिचा पांढरा सदरा खराखुरा पांढरा झाला. जुमागुलला वाटलं, काच काढून टाकली आणि बाई खोलीत आली.

"हा चहा आहे," सारसेनबाय म्हणाले.

"कसला चहा, बाबा?"

"समुद्राच्या जागी चहा भरलाय. निळा वाढव."

पोलातने वाढवला. "अजून." वाढवला. "अजून." बाईचा चेहरा राखेचा झाला, मग निळा, मग बुडून मेलेल्याचा.

"बाबा, ही बाई मेली!"

"मरू दे. बाईला काय करायचंय? पाणी बघ."

"तुम्हाला धड दिसत नाही आणि तुम्ही मला रंग शिकवता!"

"गाढवा, मी वीस वर्षं त्या पाण्यावर होतो. तू किती होतास?"

"बापाचं म्हणणं ऐक," बीबीसारा आतून ओरडली. "तू आणि तुझा टकला, दोघांनी मिळून डबकं तरी पाहिलंय का?"

जुमागुल कुणाच्या बाजूने बोलणार? सुनेने सासऱ्याला उलट बोलायचं नसतं. आणि तिचा त्यांच्यावर वेगळाच राग होता. वर्षभर ते तिच्या धुण्यात खोट काढत होते. जेवताना अंथरायचा दस्तरखान पिवळा का, रुमाल पिवळा का, दूध करपवलंस का. ती राखेने घासायची, उकळायची, दुधासारखं पांढरं फडकं त्यांच्यापुढे अंथरायची आणि ते म्हणायचे, "पिवळं." एकदा ती गोठ्यात जाऊन रडली होती. आणि आता हाच माणूस रंग ठरवणार.

पण तोर सोडून दाराशी बसलेला माणूस होता तो. तिने पोलातच्या हातातून रिमोट घेतला आणि सासऱ्यांच्या हातात ठेवला.

शुक्रवारी दिवस कलताना माहितीपट सुरू झाला. खिडकीवर रजई होती. चहा होता, नवात म्हणजे खडीसाखर होती, लिंबाच्या गोळ्या होत्या. म्हाताऱ्याने शेवटच्या क्षणापर्यंत बटणं दाबली आणि मग रिमोट जमिनीवर ठेवला.

"हं," ते म्हणाले. "हाच."

जुमागुलने पाहिलं. शाई. भिंतभर जांभळट शाई सांडली होती. त्यावर निळ्या तोंडांची माणसं निळी जाळी ओढत होती. आभाळ निळं, दोर निळा, भाकरी निळी. पोलात तोंड फिरवून बसला. हे? यासाठी? एका गावाचा जीव ज्यात होता ते पाणी एकदा घरी आलं आणि आपण ते दौतीत बुडवलं. तिला ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडायचं तेही कळेना. ज्यांनी नद्या पळवल्या ते ऐकायला कधीच नसतात.

सारसेनबाय मात्र पुढे झुकले होते. त्यांचे हात चालत होते. उजवा ओढत होता, डावा गुंडाळत होता, जाळं नसलेलं जाळं. "वारा वायव्येचा आहे," ते पुटपुटले. "बघ ती पांढरी रेघ. दिवस बुडायच्या आत उलटेल. अरे, परत फिरा की." आणि पडद्यावरच्या बोटी खरोखरच परत फिरल्या.

पोलातने मान वळवून बापाकडे पाहिलं. मग तो बघतच राहिला.

"चहा ओत ग, केलिन, आणि एक गोळी दे," बीबीसारा म्हणाली. "तोंड कडू झालं या निळ्याने."

जुमागुलने गोळी सोलून दिली. पिवळा पारदर्शक कागद बोटाला चिकटला. झटकला तरी पडेना, म्हणून तिने तो उजेडात धरला आणि त्यातून सहज सासूकडे नजर गेली. सासूचा रुमाल, तिने सकाळीच धुतलेला, पांढराशुभ्र रुमाल पिवळा दिसला.

तोच पिवळा. वर्षभर तिला ऐकवलेला.

म्हणजे हे टोचून बोलणं नव्हतं. ते खरंच असं बघत होते. दूध असं, दस्तरखान असा, तिचं तोंडसुद्धा असं. दोन्ही डोळ्यांवर हा कागद, आणि कुणाला सांगताही येत नव्हतं, कारण त्यांना वाटत होतं की जगच मळलं आहे.

मग तिने कागद डोळ्यासमोर तसाच धरून मान हळूहळू तोरकडे वळवली.

शाई गेली.

तोरवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कबुतराची मान पसरली होती. खाली हिरवी, वर निळी, आणि मधे जिथे ऊन पडत होतं तिथे ज्याला नावच नाही असं काहीतरी, हलणारं. लाट उठायची, हिरवी व्हायची, तुटायची. माणसांच्या तोंडांवर लाली होती, दोरांवर गवताचा रंग होता. मासे शिशासारखे नव्हते, चांदीसारखे होते. आणि ते संपत नव्हतं. कॅमेरा फिरत होता, फिरत होता, आणि पाणी संपत नव्हतं. एवढं? एवढं होतं? खिडकीबाहेर ती रोज जी पांढरी जमीन झाडत होती, ती एवढ्या सगळ्याच्या तळाशी होती?



"काय झालं ग?" बीबीसारा कुजबुजली. "कागद डोळ्याला कशाला लावलास?"

जुमागुल बोलली असती तर तिला रडू फुटलं असतं, आणि दाराशी बसलेल्या माणसाने विचारलं असतं, का रडतेस. त्याला आज काही कळायला नको होतं. तिने कागद सासूच्या डोळ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने तिची हनुवटी पडद्याकडे वळवली.

म्हातारीच्या तोंडात गोळी होती. ती चोखायची थांबली.

पडद्यावर बोटी धक्क्याला लागल्या, टोपल्या उतरल्या, मागे पाणी तसंच हलत राहिलं. पोलातने हात पुढे केला, मला दे म्हणून. म्हातारीने त्याचा हात झटकला.

"केलिन," ती शेवटी म्हणाली, "माझ्या पाठीमागे हे होतं?"

मग ती कागद डोळ्यावर तसाच धरून गुडघ्यांवर सरकत दाराशी गेली आणि चपला बाजूला सारून नवऱ्याला खांद्याने ढकललं. "सरक, म्हाताऱ्या. जागा दे."