तिसऱ्या टप्प्यावरचा वाळा

माथा

माथ्यावर दीर दोर धरून उभा आणि दोराच्या खालच्या टोकाला वहिनी. ती "ढील" म्हणाली की तो सोडतो, "ताण" म्हणाली की ओढून धरतो. कामावर दोघांत एवढंच बोलणं.

खाण बंद झाली. तिच्यातून उपसलेल्या माती-दगडांचा हा ढिगारा मागे राहिला, घराच्या छपरापेक्षाही उभा. त्यावर काथ्याची जाळी अंथरायची, खुंट्या ठोकायच्या, जाळीच्या भोकांतून वाळ्याच्या गवताचे ठोंब लावायचे. मुळं धरली की माती जागची हलत नाही. सगळं हिरवं झालं की कंपनी मोकळी.

तिचा नवरा याच ढिगाऱ्याखाली आहे. खाण चालू असताना एका सकाळी उतार घसरला आणि त्याला यंत्रासकट घेऊन गेला. काही दिवस उकरलं. मग आणखी घसरेल म्हणून उकरणं थांबवलं, वरून माती सारखी केली. नेमका कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही.

ते कळावं म्हणून तिनं हे काम धरलं.

कंबर

ठोंबाला वीतभर खड्डा पुरतो. ती कोपरापर्यंत हात घालायची. दगड लागला की चाचपायची, काटकी लागली की बाहेर काढून पुसून बघायची. बाकीच्या बायका पुढे निघून जायच्या.

मुकादम दिराला म्हणाला, "तुझी वहिनी लावणीला येते का मुडदा शोधायला? समजाव तिला. नाहीतर दोघंही घरी बसा."

दिरानं समजावलं नाही. उताराला पायऱ्यांसारखे टप्पे आहेत; तिसऱ्या टप्प्यावर जाळीखालून पाण्याचा पाइप जातो. त्याला त्यानं खिळ्यानं भोक पाडलं.

इतर ठिकाणी पाती टाचणीएवढी होती, तेव्हा तिथला वाळा कमरेला लागला.

"वहिनी," दोर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, तिच्याकडे न बघता, "तिथं गवत बघा कसं माजलंय. दादाच असणार खाली."

ती त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिथंच बसून राहिली, पात्यांवर हात ठेवून. दुसऱ्या दिवसापासून तिचे खड्डे वीतभर. टोळीत सगळ्यात पुढे तीच. मुकादम खूश.

टोळीला भोकाचं माहीत होतं.

"काय गं, यजमान बरे आहेत ना?" खुंट्या ठोकणारी विचारायची.

"वाढतायत," ती सांगायची.

"जिवंतपणी एवढा कामाचा नव्हता," जाळीवाला हळूच म्हणायचा आणि सगळे माना खाली घालून जोरजोरात कामाला लागायचे.

घर

सासूला आता फारसं दिसत नाही. ती रोज संध्याकाळी तळहात पुढे करून बसायची. सून त्यावर तिथलं एक पातं ठेवायची. म्हातारी ते मनगटापासून खांद्याकडे लावून मोजायची. "आज बोटभर जास्त आहे." मग पोटभर जेवायची, अपघातानंतर पहिल्यांदाच. जुनी पाती उशीखाली.

दीर समोर जेवत असायचा. "भाजीत मीठ कमी आहे," म्हणायचा.

पायथा

तपासणीला इंजिनियर आले. हिरवा तुकडा बघून मुकादम शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

"तेवढंच इतकं हिरवं का?" इंजिनियर म्हणाले. "पाणी मुरतंय तिथं. खाली उताराला पोट सुटलंय, दिसत नाही? हा टप्पा सगळा खाली येईल. गवत काढा, उकरा, पाइप बघा."

त्या टप्प्यावर दोराला तीच होती.

"काढ गं," मुकादम म्हणाला.

"साहेब, इथे माझे..."

"काय आहे तिथे?" इंजिनियरनी विचारलं. कुणाला तरी हसू आलं, त्यानं ते खोकल्यावर भागवलं.

दोर

ढील.

ठोंब मुळांसकट येत नव्हते. तिनंच घट्ट लावले होते.

ढील.

आज तिला हवं तेवढं खोल खणायची मुभा होती. कोपर गेलं. खांदा गेला. गाल चिखलाला टेकला.

ढील.

हाताला काहीतरी लांब, गोल, गुळगुळीत लागलं. तिनं डोळे मिटले.

मग ते ओढून बघितलं. पाइप. त्याला गोल भोक, त्यातून पाण्याची धार.

"जाऊ दे गं," शेजारच्या दोरावरून खुंट्या ठोकणारी म्हणाली. "गंमत होती. तुझं चित्त थाऱ्यावर यावं म्हणून तुझ्या दिरानंच पाडलं ते."

तिनं वर पाहिलं. माथ्यावर तो उभा होता.

ताण.

आख्खा उतार त्याला तिला ओढून घ्यावं लागलं. वर आल्यावर तिनं दोराचा कमरेचा पट्टा सोडला, त्याच्या हातात दिला आणि चालू लागली.

घर

सासूचा तळहात पुढे आलेला होता.

सुनेनं हात धुतले, दिराचं ताट वाढलं, मग म्हणाली, "आजपासून भाऊजी आणतील, आई. ती जागा त्यांनीच शोधली. स्वतः पाणी घालून गवत वाढवलं. कुणाला बोलले नाहीत."

म्हातारीनं चाचपत धाकट्याचा हात धरला आणि कपाळाला लावला. "तुझं कधी कौतुक केलं नाही रे मी. सगळं त्याचंच केलं." हात न सोडता म्हणाली, "उद्या ने मला. एकदा हात लावू दे."

"तिथं रस्ता नाही, आई."

"दोर आहे की," वहिनी म्हणाली. "तुम्ही दोघं उतरा. वरून मी धरते."

घास त्याच्या हातात तसाच राहिला.

"जेवा ना, भाऊजी," ती म्हणाली. "मीठ आज बरोबर पडलंय."